सात माणसांचं इंजिन, दोन माणसांची गाडी

कोणतीही वस्तू समोर आली की देवरावभाऊ पहिला प्रश्न विचारतात, "वजन किती?" आमच्याकडे लोखंडी कपाट आलं, वजन किती. गल्लीतून वरात निघाली, नवरदेवाचं वजन किती. आणि उत्तर मिळालं की घोड्याकडे पाहून हळहळ. माझी नात पाच दिवसांची असताना ते तिला बघायला आले. बाळाचं वजन सगळेच विचारतात, म्हणून सुनेनं कौतुकानं सांगितलं. "अन् ताकद?" भाऊंनी विचारलं. तेवढ्यात बाळानं टाहो फोडला. भाऊंनी समाधानानं मान हलवली. "बराबर आहे. छकडा हलका, बैल भारी."

हे वाक्य म्हणजे भाऊंचा वेद. ते मूळचे मोताळा तालुक्यातले, आणि घरात शंकरपटाचं वेड. पटात बैलजोडी सुसाट पळते, आणि तिच्यामागचा छकडा असा लागतो की एका माणसानं एका हातानं उचलून भिंतीला टेकवावा. भाऊंना स्वतःला बैलांपेक्षा इंजिनाचा लळा जास्त. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना डिझेल मेकॅनिकचं काम शिकवलं, आणि आता निवृत्त होऊन बुलढाण्यात आमच्या शेजारी राहतात. मी गणिताचा मास्तर. भाऊंचा सिद्धान्त मला मान्य आहे. त्याचा वापर मान्य नव्हता.

वापर म्हणजे त्यांच्या अंगणातली गाडी. विलायती, जुनी, दोन माणसांची, बिनछपराची आणि जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. त्यांच्या वडिलांनी खामगावच्या एका जिनिंगवाल्याला पटाची जोडी देऊन बदल्यात ती आणली. त्याला बैलांची हौस, यांना गाडीची. दोघांनाही वाटलं, समोरचा फसला. भाऊंच्या आईनं मात्र दारातल्या गाडीला एक प्रदक्षिणा घालून विचारलं होतं, "बैल म्हातारा झाला तरी शेण देते. हे काय देईन?"

गाडीनं जे द्यायचं ते भाऊंच्या लग्नात दिलं. लग्न मलकापूरला. नवरीला शेजारी बसवून भाऊ थाटात बुलढाण्याकडे निघाले. राजूरच्या घाटात दुसऱ्या वळणावर गाडीनं दम टाकला. इंजिन एवढंसं, त्यात सामान, त्यात दोन माणसं. एक जण उतरला तर चढत होती. चालवणाऱ्याला उतरता येत नाही, म्हणून शांतावहिनी शालू सावरत उतरल्या आणि घाट पायी चढू लागल्या. तेवढ्यात मागून एसटी आली. खिडकीत नेमके वहिनींचे मामा. त्यांनी डोकं बाहेर काढून विचारलं, "काऊन वं शांते, एवढ्यातच सोडलं का त्यानं?" अख्खी एसटी हसली. गेली पस्तीस वर्षं हा किस्सा दोन्हीकडच्या लग्नांत जेवणाच्या पंगतीत वाढला जातो.

निवृत्त झाल्याच्या आठवड्यात भाऊंनी गावातल्या गोठ्यातून गाडी आणली, आतली कोंबडी हाकलली आणि मला बोलावून जाहीर केलं, "मास्तर, राजूरचा घाट. दोघं बसून. एकदाही न थांबता."

"आता कशाला? मामा तर जाऊन पंधरा वर्षं झाली."

"मामाचं काय घेऊन बसले जी! हिचे गुडघे गेले. आता हिले उतर म्हणता येते का?"

मी हसलो. गल्लीही हसली. नाक वर करायला माणूस गुडघ्यांची सबब सांगतो, असं आमचं एकमत झालं.

अकोल्याच्या भंगारबाजारातून टेम्पोनं इंजिन आलं. सात माणसांच्या दणकट गाडीचं, नवं, टर्बोवालं. मूळची गाडी अपघातात चेपली होती, इंजिन शाबूत होतं. ते उतरवायला चार माणसं लागली. मी टेप घेऊन आधी इंजिन मोजलं, मग बॉनेटखालची जागा मोजली आणि भाऊंना गणित सांगितलं. ते म्हणाले, "बसन. जागा करू." या जागा करण्यात तीन वर्षं गेली. रेडिएटर पुढे सरकला, पुढचा पत्रा कापला गेला, आणि बॉनेटला गालगुंड झाल्यासारखा फुगवटा आला. आरटीओचा अर्ज मात्र त्यांनी आधीच रीतसर केला होता. त्यात 'बदलाचं कारण' या रकान्यात 'घाट' एवढंच लिहिलं होतं.

हल्लीच्या इंजिनाला कॉम्प्युटर असतो, आणि तो स्वभावानं सासूसारखा. चावी फिरवली की आधी चौकशी. एसी कुठाय? मागचं दार नीट लागलं का? या गाडीला मागचं दारच नव्हतं. चार महिने भाऊंच्या दिवाणखान्यात वायरींचा गुंता पसरला होता. वहिनी त्यातून पाय उचलून उचलून देवपूजेला जायच्या. शेवटी भाऊंनी कोणती तरी दोन टोकं जोडून त्या कॉम्प्युटरची समजूत काढली आणि इंजिन धडधडलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यातली ताटं वाजली.

मग गिअरबॉक्स आडवा आला. तो एवढा रुंद, की दोन सीटांच्या मधल्या जागेत मावेना. जो बघायला येई तो एकच सल्ला देई, "बाजूची सीट काढून टाका, मोकळी जागा होईल." मीही दिला. भाऊ एरवी सगळ्यांचं ऐकून घेतात, पण या सल्ल्यावर त्यांचा आवाज चढायचा. "एकट्यानं चढाले मंग जुनं इंजिन काय वाईट होतं बे?" मला 'बे' म्हणाल्याचं लक्षात येऊन मग ते चहा सांगायचे.

त्यानंतरचा पेच वजनाचा. सगळा हिशेब वहिनींच्या वजनावर येऊन अडला. "अवं, तुह्यं वजन किती?" भाऊंनी भर सकाळी विचारलं. आतून उत्तर आलं, "लग्नात होतं तेच धरा." भाऊंनी वहीत तसं लिहिलं आणि खाली पेन्सिलनं 'अधिक तीस' असं टिपलं. ती वही वहिनींच्या हाती लागली. दोन दिवस भाऊ आमच्याकडे जेवले.

पहिली चाचणी अंगणात, ऐन उन्हाळ्यात झाली. भाऊंनी क्लच सोडला. गाडी होती तिथेच राहिली, पण मागची चाकं अशी फिरली की दोन खड्डे पडले, आणि त्यांतली सगळी माती आमच्या बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांवर येऊन पडली. गाडीचा सगळा भार पुढे, मागची चाकं जमीन धरायलाच तयार नाहीत. धुरळा बसल्यावर भाऊ म्हणाले, "बैल पळाले, छकडा जागीच राह्यला." माझी बायको जे म्हणाली ते इथे लिहीत नाही. त्या वर्षी आम्ही कुरडया विकतच्या खाल्ल्या.

उपाय म्हणून मागे सोयाबीनची दोन पोती टाकली. गाडी पळू लागली. आणि एका रविवारी सकाळी भाऊंनी मला फर्मावलं, "मास्तर, तुमी स्कूटरनं मांगून या. पाण्याची कॅन घ्या, अन् चाकाले लावाले दगड घ्या."

वहिनी डोक्याला स्कार्फ बांधून निघाल्या. त्या बसताच भाऊंनी मागचं एक पोतं उतरवलं. वहिनींनी ते पाहिलं. "माह्या बदल्यात पोतं का?" भाऊंनी चावी फिरवली. आम्ही घाट उतरून राजूरपर्यंत गेलो, तिथे गाडी वळवली आणि चढायला लागलो.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे पुढे एसटी होती. मला वाटलं, आता हॉर्नचा गजर होणार, मामांच्या आत्म्याला उत्तर मिळणार. भाऊंनी साधा एक हॉर्न दिला, एसटीला मागे टाकलं, आणि खिडक्यांतून माणसं वाकून बघत असताना एकदाही तिकडे पाहिलं नाही. उघडी गाडी असल्यानं मला मागून सगळं दिसत होतं. प्रत्येक वळणाला भाऊंचा डावा हात गिअरवरून निघायचा, वहिनींच्या गुडघ्यावर जायचा, वळण संपेपर्यंत तो घट्ट धरायचा आणि परत यायचा. मग ते मला दिसेनासे झाले. माझ्या स्कूटरला तो वेग झेपण्यासारखा नव्हता.

मी माथ्यावर पोचलो तेव्हा गाडी कडेला उभी होती. भाऊ आतच. "मास्तर, हात द्या," ते म्हणाले. "पाय मेला." मी ओढून त्यांना बाहेर काढलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच आत नीट वाकून पाहिलं. अख्खा गिअरबॉक्स त्यांनी स्वतःच्या बाजूला घेतला होता. त्यांचा डावा पाय कसाबसा मुडपून बसायचा. वहिनींच्या बाजूला मात्र पाय लांब पसरून बसण्याइतकी ऐसपैस जागा होती, गुडघ्याखाली घरी शिवलेली गादीसुद्धा होती. तीन वर्षं मी गल्लीत या माणसाची टिंगल केली होती. मला फार लाज वाटली.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं," भाऊ म्हणाले.

आणि खरंच सगळं झालं. गाडीवर ताडपत्री पडली. पुढचे पंधरा दिवस भाऊ दिवसातून चारदा आमच्याकडे पेपर मागायला आले आणि तोच पेपर चारदा घेऊन गेले. हाताला काही लागलेलं नसताना जेवणाआधी डिझेलनं हात धुवायचे. दुपारी ओसरीत खुर्ची टाकून त्या ताडपत्रीकडे बघत बसायचे. मी विचारलं, "भाऊ, आता पुढे काय?" ते म्हणाले, "पुढं काय राह्यते मास्तर, माणसाले." हसण्यासारखं काहीही त्यात नव्हतं.

सोळाव्या दिवशी मी कुंपणापाशी झाडांना पाणी घालत होतो. वहिनी दारात येऊन ओसरीकडे म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी घाटात माह्या बाजूनं काहीतरी कुरकुर आवाज येऊन राह्यला होता."

भाऊ खुर्चीतून उठले. "आवाज? मंग तवाच काऊन नाई सांगतला?"

"मले वाटलं, असन असाच."

"असाच कसा असन!" ते गाडीकडे निघाले. बऱ्याच दिवसांनी त्यांची चाल भरभर होती. एका झटक्यात ताडपत्री बाजूला झाली, बॉनेट वर गेलं, आणि पान्यांचा खणखणाट सुरू झाला.

वहिनी कुंपणाजवळ आल्या. "खरंच येतोय का आवाज?" मी हळूच विचारलं.

"कायचा आवाज जी," त्या म्हणाल्या. "पाळण्यात बसल्यासारखी चढली गाडी. पण तुमीच पाहा, किती दिवस झाले, माणूस नुसता बसून आहे." डोळ्यांच्या कडेला पदर लावून त्या चहा टाकायला आत गेल्या.

"मास्तर, या इकडं!" भाऊंनी हाक मारली. इंजिन सुरू होतं. त्यांनी मला खांद्याला धरून बॉनेटवर वाकवलं आणि स्वतः श्वास रोखून उभे राहिले. "ऐका. कुरकुर आवाज येते का?"

इंजिन घड्याळासारखं एका लयीत चालत होतं. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"येतोय," मी म्हणालो. "बारीक आहे, पण येतोय."