मॅडम बारव बघायला येतात

बेडकांच्या जिवावर आपण एक दिवस डॉक्टर होणार, असं सुग्रीव पाटोद्याच्या चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगायचा. ऐकणारे विचारायचे, माणसांचा का बेडकांचा? प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या या पोराला गाव फुकटचा सर्पमित्र समजत होतं. कुणाच्या न्हाणीत धामण निघाली की फोन त्याला, आणि मानधन म्हणून कपभर चहा.

यंदा मात्र नशीब उघडायची वेळ आली. गावच्या जुन्या दगडी बारवेत भर उन्हाळ्यातही पाणी टिकायचं आणि शिवारातले सगळे बेडूक तिथंच मुक्कामाला यायचे. त्यांचे आवाज मोबाईलवर टिपून सुग्रीवनं पुण्याच्या संशोधक डॉ. प्रियदर्शनी यांना पाठवले. त्यातला एक आवाज त्यांच्याही ओळखीचा नव्हता. मी स्वतः बघायला येते, असं त्या म्हणाल्या. आवाजाचा मालक सापडला, तर त्यांचा बेडकांवरचा संशोधन प्रकल्प इथंच आणि त्यात सुग्रीवची नेमणूक पक्की!

एवढी बातमी पोटात ठेवणं त्याला जमलं नाही. सरपंच रामप्रसाद यांनी विचारलं, तयारी काय करायची?

"कायबी करू नका," सुग्रीव म्हणाला. "मॅडमला निस्ती बारव बघायचीय."

पाहुणा येणार आणि काही करायचं नाही? जावई यायचा म्हटलं तरी ओसरी सारवतात. ही तर पुण्याची डॉक्टर. शिवाय 'काही करू नका' हे भिडेपोटीच म्हणायचं असतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

आदल्या दिवशी सुग्रीव मॅडमना आणायला पुण्याला गेला आणि इकडं गाव श्रमदानाला लागलं. मोटार लावून पाणी उपसलं. गाळ ट्रॅक्टरनं शेतात नेऊन टाकला. दगड तारेच्या ब्रशनं घासले आणि वर ब्लिचिंग पावडरीची पोती उलटी केली. सुग्रीवची आई सत्यभामाबाई सगळ्यांच्या पुढं होती. पोराच्या नोकरीचं काम होतं. शेवटी तिनं पायऱ्यांवर रांगोळी काढली.

दुसऱ्या दिवशी जीप थांबली, तेव्हा बारव नव्या कवळीसारखी चमकत होती. वास दवाखान्याचा. मॅडमनी काठावरून आत वाकून बघितलं.

सरपंचांनी शाल पुढं केली. "मॅडम, आता हितं डासाचं पिल्लूबी घावायचं न्हाई."

"आणि बेडूक?"

"समदे काढले," सरपंच छाती फुगवून म्हणाले. "लई घाण करून ठिवली होती त्यांनी."

सत्यभामाबाईच्या हातांची ब्लिचिंगनं सालपटं निघाली होती. ते हात पदराखाली लपवत तिनं हळूच विचारलं, "झालं का रं काम?" सुग्रीवनं मान हलवली. ती होकाराची का नकाराची, तिला कळलं नाही. ती हसली.

मॅडम शाल-नारळ घेऊन गेल्या. प्रकल्प दुसऱ्या जिल्ह्यात गेला.

जुलै संपत आला तरी आभाळ कोरडंच होतं. एका सकाळी सरपंच चार माणसं घेऊन सुग्रीवच्या दारात आले. पावसासाठी घरोघर पाणी मागत धोंडी काढायची होती. धोंडीच्या काठीला बांधायला जिवंत बेडूक लागतो, आणि सगळं शिवार पालथं घालूनही एक मिळाला नव्हता.

"सुग्रीव, यातलं तुझ्याएवढं आपल्या गावात कुणाला कळतंय?" सरपंचांनी चक्क हात जोडले.

गावानं त्याला तज्ज्ञ मानलं, ते त्या दिवशी. त्यानं मोटारसायकल काढली आणि तो शेजारच्या गावात बेडूक मागायला गेला.