डब्याच्या अलीकडची वायर

अनंत भाकऱ्यांच्या घरात बिघडलेली वस्तू लगेच दुरुस्त होत नसे. आधी जबाबदारी निश्चित होई. मागच्या हिवाळ्यात गिझर फुटला तेव्हा बायको बादल्या घेऊन धावली आणि अनंतराव गॅरंटी कार्ड घेऊन. पाटबंधारे खात्यात हेडक्लर्क म्हणून उभा जन्म काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाणी काय, आपोआप ओसरतं. पण चुकीच्या माणसानं एकदा फरशी पुसली, की ती फरशी जन्मभर त्याच्या गळ्यात पडते.

त्यामुळे एप्रिलातल्या एका सकाळी घरचा फोन मुका झाला तेव्हा त्यांना वाईट वगैरे वाटलं नाही. उलट अंगात जरा तरतरीच आली.

"पाहाच तुम्ही," ते ताराबाईंना म्हणाले, "एक पैसा न देता कंपनीकडून दुरुस्त करून घेतो का नाही ते."

फोन म्हणजे मोबाइल नव्हे. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या गल्लीत तांब्याच्या तारेवर चालणारा तो शेवटचा फोन होता, आणि तो ठेवला होता अनंतरावांच्या आईसाठी, यमुताईंसाठी. न्हाणीत पडल्यापासून यमुताईंचं चालणं संपलं होतं, म्हणून त्यांची खाट पोर्चमध्ये आणली होती. पोर्च म्हणजे घरापुढची मोकळी जागा. तिला तीन बाजूंनी ग्रिल ठोकली, वर टिनाची शेड टाकली आणि कूलर बसवला, की आपल्याकडे तिला खोली म्हणतात. परवानगी कोणी मागत नाही, त्यामुळे कोणी नाकारतही नाही. तिथून यमुताईंना रस्ता दिसे, भाजीवाल्याशी भांडता येई, आणि फोन उशाशी असे. रोज सकाळी खाप्याहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा, पार्वतीबाईंचा, फोन येई.

"हायेस का वं?"

"हाय."

बस. दोघी विधवा, दोघी थकलेल्या. ज्या दिवशी पलीकडून उत्तर येणार नाही त्या दिवशी काय समजायचं, हे दोघींनी ठरवून ठेवलं होतं. मोबाइलवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यात कोणीही कोणाचाही आवाज काढतं, असं पार्वतीबाईंचं मत होतं, आणि हल्लीची वर्तमानपत्रं वाचली की ते खोडून काढणं अवघड जाई.

कंपनीकडून प्रशिक नावाचा टेक्निशियन आला. त्यानं खांबापासून तार डोळ्यांनी पकडली. ती शेडच्या फटीतून आत शिरत होती, छताखालून जात होती आणि घराच्या मूळ भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यात घुसत होती. छताखालीच एका खारीनं ती कुरतडून ठेवली होती.

"काका, हे इनसाइड वायरिंग आहे," प्रशिक म्हणाला. "बाहेरची वायर कंपनीची, घरातली ग्राहकाची."

"डब्यापर्यंत तुमची, डब्याच्या पुढे आमची. हाच नियम ना?"

"हाच."

"मग तुटली कुठी? डब्याच्या अलीकडे."

"हो, पण डबाच घरात आहे ना काका."

"डबा कुठी गेला घरात? डबा जिथच्या तिथीच आहे. घर बाहेर आलं."

प्रशिकनं डब्याकडे पाहिलं, मग ग्रिलकडे पाहिलं, मग पिशवीतून पक्कड काढली. "जाऊ द्या. असाच जोडून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. चहा पाजा."

"पाज ना गा त्याले चहा," खाटेवरून यमुताई म्हणाल्या.

"हात नको लावू," अनंतराव म्हणाले. "आज तू चहावर जोडशील. उद्या कंपनी म्हणन, चहा तुम्हीच पाजला, म्हणजे वायर तुमचीच होती."

प्रशिकनं पक्कड परत पिशवीत टाकली. 'बिघाड घराच्या आत' असा शेरा मारून तो गेला, आणि अनंतरावांनी त्या शेऱ्याविरुद्ध मोहीम उघडली. रोज दुपारी कंपनीचं ऑफिस, रोज नवा साहेब, रोज पहिल्यापासून सगळं.

त्याच आठवड्यात एका सकाळी दारात ऑटो थांबला आणि पार्वतीबाईंचा बळीराम उतरला. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, खांद्यावर पंचा, चेहरा वेळेला शोभेल असा. ग्रिलच्या आत यमुताई चहात टोस्ट बुडवत होत्या. तो जागीच थांबला.

"मावशी, तू हायेस?"

"मी हायेच. तू काहून आला गा? अन् तोंड काहून असं करून राह्यला?"

बळीरामनं पंच्यानं घाम पुसला. "माय रोज फोन लावून राह्यली, उचलतच नाही कोणी. दादाले मोबाइल लावला तं दादा कट करते. मंग आमी काय ते समजलो."

"मी कंपनीच्या साहेबासमोर होतो," अनंतराव म्हणाले. "तेव्हा फोन उचलला का मुद्दा हातचा जाते."

"ते ठीक हाय दादा. पण मी पतसंस्थेत मावशी वारली म्हणून तेरवीपर्यंत सुट्टी टाकून आलो. आता उद्या कामावर कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

"राहाय मंग इथीच," यमुताई म्हणाल्या. "मी मेली म्हटल्यावर तेरवीचं जेवण तं झालं पाहिजे."

बळीराम राहिला. त्यानं खाप्याला मोबाइल लावून यमुताईंच्या कानाशी धरला. पार्वतीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग लेकाला सांगितलं, की आवाज बराचसा यमूसारखाच आहे, काढणारी हुशार दिसते.

यमुताईंनी टोस्ट बशीत ठेवला. मग त्यांनी तो खाल्लाच नाही.

"अनंता, पार्वती आता तिथी रडत बसन. जोडू दे ना गा वायर. बळीराम जोडते."

"दोन मिनिटाचं काम हाय दादा," बळीराम म्हणाला.

"दोनच मिनिटाचं आहे," अनंतराव म्हणाले, "म्हणूनच आपण करायचं नाही. थोडा दम धर आई, जिंकून राहिलो आपण."

कंपनीनं लेखी कळवलं, की आमची सेवा घराच्या बाहेरच्या हद्दीपर्यंत असते आणि तुमची हद्द म्हणजे तुमची ग्रिल. हे वाचून अनंतराव हसले. असं हसू त्यांना नोकरीत फक्त ऑडिटच्या आक्षेपांवर येत असे. घर कुठं संपतं हे कंपनी कोण ठरवणार? ते मंजूर नकाशा ठरवतो. आणि मंजूर नकाशात पोर्च नव्हता.

"अहो, पण हे आपण परवानगी न घेता बांधलं," ताराबाई म्हणाल्या.

"तेच तर. कागदावर घर भिंतीपाशी संपते. म्हणजे डबा बाहेर, वायर बाहेर, कंपनीची जबाबदारी."

"अन् ही खोली मंग काय आहे?"

"कायद्यानं ही मोकळी जागा आहे."

यमुताईंनी वरच्या टिनाकडे पाहिलं. "म्हणजे मी उघड्यावर झोपून राह्यली का गा?"

"फक्त कायद्यानं, आई."

महापालिकेच्या झोन ऑफिसात नकाशाची प्रमाणित प्रत मागायला गेले तेव्हा अर्जात कारण लिहायचं होतं. अनंतरावांनी ते व्यवस्थित लिहिलं: 'घरासमोरील टिनशेड व ग्रिलचे बांधकाम माझ्या मंजूर घराचा भाग नाही, हे सिद्ध करणेकरिता.' मोनाली मेश्राम नावाच्या ज्युनिअर इंजिनिअर होत्या. त्यांनी अर्ज वाचला, मग अनंतरावांना वाचलं.

"सर, हे तुम्ही स्वतःहून लिहिलं?"

"स्वतःहून."

"कोणी दबाव नाही टाकला ना?"

"माझ्यावर कोण टाकते दबाव?"

"नाही, आमच्याकडे असं लिहून देत नाही कोणी. बसा ना सर. पाणी घ्या."

ज्या नकाशाला महिने लागतात तो दोन दिवसांत मिळाला. सरकारी कामाचा इतका सुखद अनुभव त्यांना जन्मात आला नव्हता, आणि ते स्वतः सरकारी होते. कंपनीनंही हार मानली. डबा बाहेर, वायर बाहेर, लवकरच माणूस पाठवतो असं पत्र आलं. अनंतरावांनी पेढे आणले. यमुताईंनी पेढा हातात घेऊन फोनकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी झोनची नोटीस आली. अर्जदाराने स्वतः कबूल केलेलं अनधिकृत बांधकाम सात दिवसांत काढावं, अन्यथा उत्तर द्यावं.

आता उत्तर काय देणार? पोर्च घराचाच भाग आहे, दंड घ्या आणि नियमित करून द्या, असं लिहिलं तर पोर्च वाचला असता. पण मग डबा घरात गेला असता, वायर घरात गेली असती आणि कंपनीपुढे सगळं पाण्यात. एकदा झोनकडे निघायचं म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरून परत आले. एकदा कागद पुढे घेतला आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. ताराबाई रोज विचारत, "काय ठरवलं?" ते म्हणत, "विचार करून राहिलो." बळीरामनं दुसरी मावशीही अत्यवस्थ असल्याचं कळवून सुट्टी वाढवून घेतली. विचार करता करता मुदत संपली.

मग गॅस कटर आणि माणसं घेऊन मोनाली मॅडम आल्या. त्यांचा स्वर अजूनही आदराचा होता.

"आजींना आत घ्या सर. उन्हात नको."

खाट उचलावी लागली. पुढे अनंतराव, मागे बळीराम, त्याच त्या पांढऱ्या कपड्यांत. यमुताईंनी उन्हामुळे पदर तोंडावर ओढून घेतला होता. रस्त्यावरून जाणाऱ्या एका स्कूटरवाल्यानं गाडी थांबवून हात जोडले. समोरच्या घरातल्या बाई डोळ्याला पदर लावून ताराबाईंकडे यायला निघाल्या, त्यांना अर्ध्या वाटेत परत पाठवावं लागलं.

आत जागा एकच होती, मधली खोली. तिला खिडकी नव्हती. तिथं धान्याच्या कोठ्या होत्या आणि दिवसाही दिवा लावावा लागे. खाट टेकल्यावर यमुताईंनी विचारलं, "इथून काय दिसते?" ताराबाईंनी दिवा लावला. मग यमुताईंनी भिंतीकडे तोंड केलं. बाहेर टिनाचे पत्रे एकेक करून खाली येत होते.

दुपारी प्रशिक आला. कटरवाल्यांनी शेडबरोबर जुनी तारही तोडली होती, त्यामुळे त्यानं खांबापासून डब्यापर्यंत कोरी वायर ओढली. कुठं अडथळाच नव्हता. यमुताईंचा फोन त्यानं डब्यापाशीच जोडून भिंतीला लटकवला.

"झालं काका. आता सगळं बाहेर आहे. काही झालं तर कंपनी बघेल."

"अन् डब्यापासून मधल्या खोलीपर्यंत?" ताराबाईंनी विचारलं.

"ती घरातली ना काकू. ती तुमची."

एवढ्यात फोन वाजला. उघड्या भिंतीवर, भर उन्हात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. अनंतरावांनी उचलला.

"यमूले दे," पार्वतीबाई म्हणाल्या.

"आई आतल्या खोलीत आहे मावशी. तिथपर्यंत वायर नाही पुरत."

"हाय का ते?"

"आहे मावशी. मी सांगतो ना."

पार्वतीबाईंचं तेवढ्यानं भागलं नाही.

"बळ्या मोबाइलवर काही सांगून राह्यला होता. मी म्हटलं, कोणीतरी त्याचा आवाज काढून राह्यलं असन. तू लिहून देल्लं का गा, का माय झोपते ते घर नाही म्हणून?"

"ते कायद्यासाठी लिहिलं होतं."

"अन् यमू हाय म्हणून सांगतेस, ते कायच्यासाठी?"

अनंतरावांनी रिसीव्हर दोरी पुरेल तितका दाराकडे ताणला. "आई," त्यांनी हाक मारली, "मावशी आहे. जोरात आवाज दे." मधल्या खोलीतून काही आलं नाही. बळीराम दारात उभा होता. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. जागी आहे, पण बोलत नाही.

"झोपली आहे मावशी."

"मंग मी थांबते," पार्वतीबाई म्हणाल्या. "उठली म्हणजे सांग."

त्यांनी फोन ठेवला नाही. अनंतरावांनाही ठेवता येईना. चप्पल आत राहिली होती. पोर्चची फरशी तव्यासारखी तापली होती आणि ते एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलत होते. प्रशिकनं पिशवी आवरली आणि मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

"काका, इथं बोटानं सही करा. तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं म्हणून."

अनंतरावांनी रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला आणि सही केली.