मिशीवाले पणजोबा

वासुदेवकाका कुणाला “कसे आहात?” असं विचारत नाहीत. ते विचारतात, “तुह्या आज्याच्या बापाचं नाव काय?” दूधवाल्याला विचारून झालं, दातांच्या डॉक्टरला विचारून झालं, तेही स्वतःचं तोंड उघडं असताना. एका ऑटोवाल्याला सांगता आलं नाही, तर काका ऑटोतून उतरले. “ज्याले सोताचं मूळ मालूम नाही, त्याले राजकमल चौक काय मालूम असन?” मग भर उन्हात पायी घरी आले आणि काकूंची बोलणी खाल्ली.

गंमत अशी, की हे नाव खुद्द काकांनाच ठाऊक नव्हतं.

अमरावतीत आमच्या भिंतीला भिंत लावून ते राहतात. घरात काका आणि काकू, दोघंच; मूलबाळ नाही. अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांची घागर भरतात, आमरसाची पानं वाढतात, तीन पिढ्यांची नावं घेतात. बाप झाला, आजा झाला, की काका अडायचे. त्यांचे वडीलही तिथेच अडायचे म्हणे. “तिसरा मानूस दरसाली दारातून उपाशी जाते,” काका म्हणायचे, आणि तेवढ्यापुरता त्यांचा आवाज खरोखर पडायचा.

निवृत्त झाल्यावर ते कामाला लागले. मूळ गाव बार्शीटाकळीकडचं, एवढंच माहीत होतं. पूर्वी गावचा कोतवाल जन्ममृत्यू लिहून ठेवी. ती कोतवाल बुकं तहसिलीत असतात. लोक तिथे जातीच्या दाखल्यासाठी जातात. काकांना दाखला नको होता, त्यामुळे बाबूला संशय आला.

“मंग नाव पाह्यजे कायले?”

“जेवाले बोलवाचं हाय,” काका म्हणाले.

बऱ्याच खेपांनंतर एक जन्मनोंद सापडली: किसन. आडनाव तेच, गाव तेच, काळही जुळत होता. काकांनी गल्लीभर पेढे वाटले. फ्लेक्सवाल्याकडून किसनरावांची तसबीर करवून घेतली. चेहरा काकांच्या वडिलांचा, वर फेटा, आणि मिशा इतक्या भरदार की काकू म्हणाल्या, “रस कसा पेत असतीन हे?” पण त्या वर्षी काका तिन्ही नावं न अडता बोलले, आणि मलाही बरं वाटलं.

यंदा काकांना किसनरावांची तिथी हवी झाली. त्यांच्यासोबत जाण्यात माझी रजा गेली. बसने अकोला, पुढे ऑटो. बाबूने मृत्यूचं बुक समोर टाकलं. काका ओळीवर बोट फिरवत होते, ते एका जागी थांबलं. तोच किसन, बापाचं नावही जन्मनोंदीतलंच. वय वर्षे सात. कारण, देवी.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत काका बोटांवर पिढ्या मोजत होते. मग म्हणाले, “पणजोबा सातव्या वर्सी गेला. मंग मी कुठून आलो?” मला हसू आवरेना. तेही हसले, पण नंतर खिडकीबाहेरच बघत बसले. तिसरं पान पुन्हा रिकामं, या विचाराने मलाच चुटपुट लागली.

अक्षय तृतीयेला त्यांच्याकडे गेलो तेव्हा भिंतीवर मिशा नव्हत्या. पानं मात्र तीनच होती. तिसरी ताटली छोटी. तिच्यात लोणचं नाही, चटणी नाही. काकू रस गाळून घेत होत्या.

“काका, तो तर तुमचा कोणीच नाही,” मी म्हणालो.

“खऱ्याचा तपास चालू हाय. सापडला का चौथं पान मांडू. पण याले आता उठवू कसा? याच्या मागं वाढनारं कोन असन?”

काकूंनी वर पाहिलं नाही. “लेकरू चालून घरात आलं, त कोनी नाही म्हनते का?” त्या म्हणाल्या, आणि पुरणपोळीचे बारीक तुकडे करू लागल्या.

काकांनी बापाचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं. मग ‘राव’ गाळून, अंगणात खेळणाऱ्या पोराला हाक मारावी तसं म्हणाले, “ये रे किसना. जेव.”