मधली जागा

आमचे शेजारी बनसोडे काका एक वाक्य बोलतात आणि थांबतात. समोरच्यानं आत जाऊन पाणी पिऊन यावं, इतके थांबतात. मग दुसरं वाक्य. काका हॅम रेडिओवाले, म्हणजे परवाना काढून हौसेनं बिनतारी बोलणारे. "तिकडचा आवाज बारीक असला, तर त्याला मधी शिरायला जागा नको?" हा त्यांचा कायदा. तो ते भाजीवालीलाही लावतात.

पडेगावहून फर्दापूरपर्यंत कच्च्या वाटांनी सायकली न्यायच्या, वाटेत तंबू ठोकायचे, अशी मोहीम आमच्या गटानं काढली. निघताना हार झाले, भाषणं झाली, उन्हं वर आली. काकांना 'संपर्कप्रमुख' हे पद मिळालं. त्यांच्या सायकलवर बॅटरी, रेडिओ आणि तारेचं भेंडोळं; कपडे माझ्या सायकलवर.

फुलंब्रीच्या पुढं वाट फुटली. मोहीमप्रमुखांनी विचारलं, "काका, किधर?"

"डावीकडं रस्ता हाय," काका म्हणाले आणि थांबले.

सगळे डावीकडं सुटले.

"पुढं नाला हाय," काका म्हणाले, तेव्हा प्रमुख सायकलसकट चिखलात बसले होते.

"अहो, एका दमात सांगायचं ना!"

"मधी कुणी काही इचारलं का?"

संध्याकाळी सिल्लोडजवळ मुक्काम पडला. तंबू सोडून काकांनी आधी लिंबाच्या झाडावर रेडिओची तार चढवली. घरी बोलणं झाल्याशिवाय काकू जेवत नाहीत, म्हणाले.

"मग मोबाइल लावा की," प्रमुख कपड्यांवरचा चिखल खरवडत म्हणाले. "फुल रेंज हाय."

"तिला बोलता येत नाय." काका थांबले. "झटका आला तवापासून. अक्षरं बी लागत नायत. पण तारमास्तरांच्या मोर्सचं कट्ट-कडकट्ट ऐकून लागतं. लग्नानंतर दोघांनी मिळून शिकलेलं. लेक रेडिओ लावून देती, ही एका बोटानं बोलती."

काकांनी हाक दिली. "सुमन, जेवलीस का?"

नुसती खरखर. काकांनी पुन्हा विचारलं. खरखर. खिचडी गार होत होती.

"कुणी नाय, काका," प्रमुख हळूच म्हणाले.

काकांनी तळवा वर केला.

मग आलं. कट्ट. बऱ्याच वेळानं कडकट्ट. काका डोळे मिटून ऐकत राहिले.

"काय म्हणतात काकू?" मी विचारलं.

"म्हणती, आधी तुम्ही जेवा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट फुटली.

"काका, उजवीकडं का?"

"व्हय," काका म्हणाले आणि थांबले.

आम्ही सगळे एकेक पाय जमिनीला टेकवून उभे राहिलो. सर्वांत पुढं प्रमुख.