शंभर टक्के सावध कार्यालय

या, माउलींनो, जवळ सरका. हातातले फोन इथे माझ्यापाशी ठेवा, चित्त विचलित व्हायला नको. एका शंभर टक्के सावध कार्यालयाची कथा सांगतो.

त्या कार्यालयात वरून आदेश आला: गोड बोलून माहिती काढणाऱ्या भामट्यांना कसे ओळखावे, याचे प्रशिक्षण प्रत्येकाने संगणकावर पूर्ण करावे. चाळीस धडे, शेवटी परीक्षा, मुदत शुक्रवार. धडा पहिला: आपला पासवर्ड कोणालाही देऊ नये.

कामाच्या रगाड्यात चाळीस धडे वाचणार कोण? हेडक्लार्क मोठ्या मनाचे. म्हणाले, "सगळ्यांनी आपापले पासवर्ड माझ्या वहीत लिहा. तुमच्या परीक्षा मीच देऊन टाकतो." सर्वांनी सुवाच्य अक्षरात लिहिले. साहेबांनी तर स्वतःच्या पासवर्डखाली सहीदेखील केली.

अडली ती फक्त दारावरची मावशी. निवृत्तीला सात महिने उरलेले. चष्मा पुसत पुसत तिने चाळीसही धडे वाचले होते. परीक्षा शुक्रवारी संध्याकाळी स्वतः देणार होती.

"मावशी, पासवर्ड?"

"नाही देणार. पहिल्याच धड्यात लिहिलंय."

"अहो, ते भामट्यांसाठी! मी काय भामटा दिसतो?"

"धडा चौथा. भामटा भामट्यासारखा दिसत नाही."

शुक्रवारी दुपारी कडक इस्त्रीतले एक गृहस्थ आले. "प्रशिक्षण नीट झालं का, ते तपासायला आलोय."

"ओळखपत्र?" मावशीने विचारले.

"घाईत घरी राहिलं हो."

"मग बसा त्या बाकावर. वरच्या कचेरीत फोन करून विचारते."

तेवढ्यात साहेब जिना उतरले. तपासनीस बाकावर! साहेबांच्या तोंडचे पाणीच पळाले. "मावशी, माणसं ओळखायला कधी शिकणार तुम्ही?" पाहुण्यांना त्यांनी आत नेले, चहा पाजला आणि काम किती चोख झाले याचा पुरावा म्हणून ती वही पुढे ठेवली. पाहुणे वही तपासणीसाठी घेऊन गेले. पोच मात्र रीतसर दिली.

चार वाजता एकेका संगणकाचा पडदा काळा पडला. हजारो लोकांचे अर्ज, पत्ते, दाखले कोणाच्या घशात गेले, देव जाणे.

चौकशी अगदी निःपक्षपाती झाली. निष्कर्ष असा: सर्व कर्मचारी प्रशिक्षित. अप्रशिक्षित एकच, आणि ती नेमकी दारावर. सबब, भामटा कोणामुळे शिरला हे उघड आहे.

मावशी डबा पिशवीत घालून निघाली. साहेबांना एवढंच म्हणाली, "माझ्या जागी जो येईल, त्याला सांगा, विचारत जा म्हणावं." तिच्या जागी कोणी आलं नाही. तिथे आता 'सुस्वागतम्' अशी पाटी आहे.

हसलात? हसा, हसा. घ्या हे तुमचे फोन, देव तुमचं भलं करो. जवळ सरका म्हटलं, सरकलात. फोन मागितले, दिलेत. मी कोण, कुठला, हे मात्र एकानेही विचारलं नाही. मावशीने विचारलं असतं. तेवढी तिची आठवण असू द्या.