सौरतक्त्यांवर मंडप घातला त्याची हकीकत

ज्याचे कृपेने पापड वाळतात आणि ज्याचे कोपाने थोरामोठ्यांची टाळकी तापतात, त्या श्रीसूर्यनारायणास नमन करून हकीकत लिहिली जाते ऐसीजे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास. एके नगरी सगुणाबाई नगराध्यक्षा राज्य करीत होत्या. नगरीचे उत्तरेस टेकडीवर एक पेठ. तेथे पालिकेचे पाणी चढत नसे, टँकर येई आणि हंड्यांची लढाई होई. मग बाईंनी मसलत केली की, पेठेचे समाजमंदिराचे गच्चीवर सौरतक्ते मांडावे, त्यांचे विजेवर पंप चालवावा आणि पाणी टेकडीस चढवावे. पेठकर म्हणाले, "टँकर बंद झाला आन् पंपबी चालला नाही, तर लेकराबाळांनी प्यायचं काय?" बाई बोलून गेल्या, "मी आहे ना! माझ्या शब्दावर गच्ची द्या." पेठकरांनी गच्ची दिली, टँकर बंद जाहला आणि मग बाईंचे डोळ्यास डोळा लागेना.

उद्घाटनास राजधानीहून थोर पाहुणे येणार ठरले. बाईंचे पुढील निवडणुकीचे तिकीट त्यांचेच हाती. स्वागत समितीचे प्रमुख भगवंतराव यांनी विचार केला की, थोर असामी उन्हात बसविणे ही या राज्याची रीत नव्हे. म्हणोन उद्घाटनाचेच सकाळी गच्चीभर मंडप घातला आणि वर जाड कापड ताणिले आणि तक्त्यांस हळदकुंकू वाहिले. भर दुपारी पाहुणे आले, नारळ फुटला, कळ दाबिली. पंप हूं की चूं करीना. खाली पेठेच्या बाया नळापुढे हंडे मांडून उभ्या. इंजिनियर मोरेश्वरपंत धावले, तारा पाहिल्या, खटके पाहिले आणि घामाघूम जाहले. पाहुणे हसून म्हणाले, "काय बाई, मुहूर्त चुकला वाटतं?" सभेत हशा पिकला. बाईंस धरणी पोटात घेईल तर बरे ऐसे जाहले. पदराने तोंड पुसताना वाऱ्याची झुळूक आली, तो मनात आले, वैशाखात हा थंडावा कसला? मग वर पाहिले.

"पंत, हे तक्ते कशावर चालतात?"

"उन्हावर, बाईसाहेब."

"मग ऊन कुठाय?"

भगवंतराव कानाशी लागले, "बाई, भाषण होऊ द्या, पाहुणे गेले की काढू कापड. तिकिटाचा तरी विचार करा!" बाईंचे मनाची मोठी घालमेल जाहली. इतक्यात खाली एकीने रिकामा हंडा उचलिला आणि मागल्या पावली निघाली, मग दुसरी निघाली. ते पाहोन बाई ओरडल्या, "सोडा दोऱ्या!" कापड घसरून गच्चीखाली गेले, पाहुण्यांचे टकलावर लख्ख ऊन पडले आणि ते भाषण न करिता तरातरा जिना उतरले. घटकाभरात खालून आरोळी उठली, "आलं! पाणी आलं!" तो बाई गच्चीवरच मटकन बसल्या आणि ढळाढळा रडल्या.

येणेप्रमाणे मंडप उतरला, पाहुणे रुसले, तिकीट गेले, पेठेचे हंडे भरले. टँकर बंद तो बंदच. सबब आभाळात एवढासा ढग दिसला तरी सगुणाबाई अद्याप पदर खोचून गच्चीकडे धावतात. लिहिले ते खरे, उन्हाची साक्ष.