हौसाची मशेरी

गंगारामने पुडी डब्यात ओतली, झाकण घट्ट लावलं आणि डब्यालाच हात जोडले. शेतकी खात्याच्या शिवलकर साहेबांनी बजावलं होतं, "चिमटीभर पुडीत कोट्यवधी जिवाणू आहेत, गंगाराम. बी रुजताना मुळाभोवती पहारा देतात, मातीतला रोग आत शिरू देत नाहीत. बियाला चोळा, तोवर गारव्याला ठेवा." घरात गारवा एकाच जागी, पाण्याच्या हंड्यामागे. तिथे बायकोचा, हौसाचा, मशेरीचा डबा आधीच बसलेला होता. दोन्ही डबे गोळ्यांचे, एकसारखे, मुंबईच्या पुतण्याने, धाकूने, आणलेले. आत दोन्हीकडे काळी पूड. पुढचं सांगायला ज्योतिषी नको.

दरवर्षी गंगारामची मिरचीची रोपं बोटभर झाली की मान टाकत आणि वाडी हसे. यंदा त्याने घरोघरी सांगून ठेवलं होतं, "माजा वाफा बगायला या. रोपा पडली तर नाव बदलीन!"

बी ओलं करून त्याने काळी पूड चोळली आणि त्याला सटासट शिंका आल्या.

"बगितलंस गो? जित्ते हायत! नाकात चावतायत!"

हौसाने लांबूनच नमस्कार केला. उरलेलं कोरं बी फेकवेना, म्हणून तिने ते मागच्या दारी पायरीखालच्या मातीत टाकलं. त्याच पायरीवर बसून ती रोज मशेरी लावी.

"यंदाचा तंबाखू फुकट गेला," ती पायरीखाली थुंकत कुरकुरे. "बोट झिजला, पन काय लागत नाय."

"मंग वाईच जास्त घे," गंगाराम म्हणे. ती जास्त घेई.

वाफा रुजला, हिरवा झाला आणि साहेब तो बघायला यायच्या सकाळीच आडवा झाला. कडेची चार-दोन रोपं तेवढी उभी. कुंपणाशी वाडी जमली होती. बाबल्या म्हणाला, "नवा नाव काय ठेवतोस, गंगाराम?" गंगारामला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

साहेबांनी डबा मागवला, हुंगला आणि तेही शिंकले. "अहो, ही तर मशेरी!"

सगळ्यांच्या माना हौसाकडे वळल्या.

"मंग मी दातांना काय लावतंय इतके दिवस?"

"कोट्यवधी जीव," गंगाराम खोल आवाजात म्हणाला.

हौसा तोंडावर हात धरून मागच्या दारी धावली. चूळ भरायला तांब्या उचलला आणि तिथेच थबकली. "अवो, हितं या! बगा तरी!"

पायरीखाली मिरचीची रोपं उभी होती. दाट, ताठ, गर्द हिरवी. एकानेही मान टाकली नव्हती. तेच बी, तीच माती. कुंपणाकडची वाडी मागच्या दारी लोटली. बाबल्याने टोपी काढली. साहेब गुडघ्यावर बसले, एक रोप मुळासकट उपटून उन्हात धरलं. पांढरंशुभ्र मूळ, कुठे डाग नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी एवढं राखलं होतं.

"एवढे सगळे जीव माज्या तोंडातून गेले," हौसा पुटपुटली, "आन मी त्यांना शिव्या घालीत व्हते." तिने ओशाळून तांब्या तोंडाला लावला.

"थांब गो!" गंगाराम ओरडला. "हितं नको! फुडच्या वाफ्यात! कडेची रोपा जिती हायत अजून!"

हौसा गाल फुगवून, तोंड मिटून, जपून पावलं टाकत पुढच्या दारी निघाली. वाडीने बाजूला सरून वाट दिली. बाबल्याने तर हातच जोडले.